जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीपुढची रांग कशी कमी करावी: कोकणातल्या नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींसाठी

जन्म-मृत्यू विभागापुढे रांग वाढली की पहिली मागणी होते जादा माणसाची आणि दुसरी नव्या खिडकीची. मिळालं तर दोन्ही घ्यावं. पण खिडकीपुढे उभ्या असलेल्या लोकांना नुसतं विचारलं, ‘याच कामासाठी आधी आला होतात का?’, तर बरेच जण होय म्हणतात. कुणी चुकीच्या कार्यालयात गेलेला असतो, कुणाच्या अर्जाला एक कागद कमी पडलेला असतो, कुणाच्या वेळी साहेब रजेवर असतात. रांग या हेलपाट्यांतून वाढते आणि खिडकीवरचा लिपिक कितीही झपाट्याने काम करत असला तरी हटत नाही. म्हणून खालचे बहुतेक उपाय हेलपाटा वाचवण्याचे आहेत. त्यांना नवी पदं लागत नाहीत, पैसे थोडे लागतात आणि मुख्याधिकाऱ्यांच्या किंवा निबंधकांच्या (जन्म-मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) पातळीवर ते सुरू करता येतात.

आधी दहा दिवस मोजणी

सलग दहा कामकाजाचे दिवस निवडा. त्यात निदान एक आठवडा बाजाराचा दिवस यायला हवा. दारात शिपाई किंवा शिकाऊ उमेदवार बसवा आणि येणाऱ्या प्रत्येकाला पोस्टकार्डाच्या आकाराची एक चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहायच्या: आल्याची वेळ, खिडकीवर पोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ, काम कोणतं आणि शेवटी ‘झालं’ की ‘परत’. परत गेला तर का, ते चार शब्दांत. चिठ्ठी खिडकीवरच जमा होते, त्यामुळे लिपिकाला वेगळी वही ठेवावी लागत नाही.

परत जाण्याची कारणं शक्यतो ठरलेल्या शब्दांतच लिहा: दुसरं कार्यालय, कागद कमी, नावात फरक, नोंद सापडली नाही, सहीला अधिकारी नाहीत, नेट किंवा वीज नाही, आधीचं काम अजून झालेलं नाही. प्रत्येक जण आपल्या शब्दांत लिहू लागला तर दहा दिवसांनी बेरीज करता येत नाही.

ही मोजणी का करायची, ते थोड्या हिशोबाने कळतं. समजा तासाला 10 माणसं येतात आणि एकाला सरासरी 6 मिनिटं लागतात. कागदावर हिशोब जुळला, तरी प्रत्यक्षात रांग वाढतच जाते, कारण माणसं सहा-सहा मिनिटांच्या अंतराने येत नाहीत. एसटी लागली की आठ जण एकदम उतरतात. रांगेच्या सगळ्यात साध्या सूत्राने पाहिलं तर खिडकी 80 टक्के वेळ कामात असेल तेव्हा तिथे सरासरी 4 माणसं असतात (ज्याचं काम चालू आहे तो धरून), 90 टक्क्यांना 9 आणि 95 टक्क्यांना 19. म्हणजे भार 95 वरून 80 टक्क्यांवर आणला, सहा माणसांमागे एकाचा हेलपाटा वाचवला, तर रांग जवळजवळ पाचवा हिस्सा उरते. ‘एवढ्याशा फरकाने काय होणार’ असं वाटणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला हे आकडे दाखवावेत.

दुसरा उपयोगाचा हिशोब थांबण्याच्या वेळेचा. रांगेतली माणसं भागिले तासाला निघणारी माणसं, एवढाच. तासाला 12 जणांची कामं होत असतील आणि रांगेत 30 जण असतील, तर शेवटच्याला अडीच तास लागणार. हे त्याला आल्या आल्या सांगता येतं आणि सांगायलाच हवं.

रांगेच्या आधी एक मेज

एकच बदल करायची मुभा असेल तर हा करावा. खिडकीपासून निदान दहा पावलं अलीकडे, पडवीत किंवा जिन्याच्या तोंडाशी एक मेज टाका आणि तिथे विभागातला सगळ्यात जाणता माणूस बसवा. नवखा बसवू नका. नवख्याने ‘आत विचारा’ म्हटलं की मेजाचा उपयोग संपला. पूर्ण दिवस माणूस देता येत नसेल तर कार्यालय उघडल्यापासूनचे पहिले दोन तास तरी द्या. खेड्यापाड्यांतल्या पहिल्या गाड्या तेव्हाच लागतात.

मेजावर तीन प्रश्न पुरतात. दाखला कुणाचा? जन्म किंवा मृत्यू नेमका कुठे झाला? कधी झाला? यांतल्या दुसऱ्या प्रश्नावर कोकणात सगळ्यात जास्त हेलपाटे वाचतात. नोंद राहत्या गावात होत नाही. घटना जिथे घडली, तिथल्या निबंधकाकडे होते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, अडलेली बाई कळंबणीच्या किंवा कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात, डेरवणला नाहीतर थेट रत्नागिरीला नेली जाते, सावंतवाडी-दोडामार्गचे रुग्ण गोव्यात बांबोळीला जातात, काही कोल्हापूरला सीपीआरमध्ये, काही मुंबईत. घरचे मात्र दाखल्यासाठी आपल्याच ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याच्या नगरपरिषदेत येऊन उभे राहतात आणि दीड तासाने कळतं की नोंद इथे नाही.

यासाठी मेजावर एक छापील तक्ता ठेवा. तुमच्या भागातले लोक ज्या पंधरा-वीस रुग्णालयांत जातात त्यांची नावं, प्रत्येकापुढे नोंद कोणत्या कार्यालयात होते, ते कार्यालय कुठे आहे, तिथला चालू दूरध्वनी क्रमांक आणि कामाचे दिवस. तो तक्ता फोन करून खात्री करून भरा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा फोन करा. शासकीय रुग्णालयांपैकी काही स्वतःच नोंदणी केंद्रं असतात, त्यामुळे एकाच गावात दोन ठिकाणी नोंदी असू शकतात. तक्त्यातल्या त्या ओळीची छोटी चिठ्ठी फाडून माणसाच्या हातात द्यावी. तोंडी सांगितलेलं अर्ध्या वाटेत विसरतं.

मेजावरच कागद तपासा आणि पुरे असतील तरच टोकन द्या. अपुरे असतील तर काय कमी आहे त्यावर खूण केलेली यादी द्या, म्हणजे पुढची खेप शेवटची ठरेल. यादीत नियमाने लागतात तेवढेच कागद ठेवा. ‘असू द्या बरोबर’ म्हणून मागितलेली प्रत्येक जादा झेरॉक्स म्हणजे समोरच्या दुकानातली दुसरी रांग.

पावसाळ्यात या मेजाची जागा जपून निवडा. पागोळ्या पडतात तिथून दीड-दोन हात आत ओढा. बाजूला छत्र्या ठेवायला बादली किंवा पन्हळीसारखी जागा करा आणि मेजावर एक कोरडं फडकं व प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशव्यांचा गठ्ठा ठेवा. जुलैत लोक कागद सदऱ्याच्या आत घालून आणतात. ओलसर झेरॉक्सवरचं नाव पुसट होतं आणि लिपिक ते वाचताना चुकतो. ही चूक पुढे दुरुस्तीच्या अर्जाच्या रूपाने परत त्याच खिडकीवर येते.

एकच रांग नको

तयार दाखला घ्यायला आलेल्याचं काम तीन मिनिटांचं असतं, नाव दुरुस्तीचं पंचवीस मिनिटांचं. दोघं एकाच रांगेत असले की तीन मिनिटांची दहा माणसं एका दुरुस्तीमागे अडकतात. म्हणून तीन रंगांची टोकनं करा.

हिरवं टोकन झटपट कामाचं: तयार दाखला, नोंदणी क्रमांक माहीत असताना जादा प्रत, मेजावर तपासून पुरा झालेला साधा अर्ज. पिवळं नव्या नोंदीसाठी आणि बाळाचं नाव घालण्यासाठी. लाल टोकनाची कामं सकाळी घ्यायचीच नाहीत. दुरुस्ती, उशिरा नोंद, जुन्या नोंदीचा शोध आणि विवाह नोंदणी, या सगळ्यांना दुपारची ठरलेली वेळ द्या.

विवाह नोंदणीला तर वेळ देणं अत्यावश्यक आहे. 1998 च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे नवरा-बायको आणि तीन साक्षीदारांना निबंधकासमोर सह्या कराव्या लागतात. एका कामासाठी निदान पाच माणसं कार्यालयात असतात, त्यांतला एखादा साक्षीदार उशिरा येतो आणि बाकीचे चार बाकावर बसून राहतात. कागद दोन दिवस आधी एकाने आणून तपासून घ्यायचे आणि सह्यांसाठी सगळ्यांनी ठरल्या वेळी यायचं, असं ठेवलं की हे काम पंधरा मिनिटांत उरकतं. नवरामुलगा चार दिवसांच्या रजेवर आलेला असतो. त्याची परतीची तारीख विचारूनच वेळ द्या.

वेळा देताना खिडकी काठोकाठ भरू नका. हिरव्याला सरासरी 3 मिनिटं धरली तर अर्ध्या तासात 10 जण बसतात, पण 8 जणांनाच वेळ द्या. पिवळ्याला 12 मिनिटं धरली तर अर्ध्या तासात 2. ही मोकळी ठेवलेली पाच-सहा मिनिटं वाया जात नाहीत. एखादं किचकट काम, एखादा तापलेला नागरिक, अडकलेला कागद यांत ती खर्ची पडतात आणि पुढच्याची वेळ पाळली जाते.

टोकनाचं यंत्र घ्यायची गरज नाही. जाड पुठ्ठ्याचे, प्लॅस्टिक चढवलेले क्रमांक आणि खिडकीवर उलटायची पाटी पुरते. टोकनावर ‘साडेअकरानंतर’ असं पेन्सिलीने लिहून द्या, म्हणजे माणूस बाजार करून येतो. टोकन देताना एक प्रश्न जरूर विचारा: परतीची गाडी किती वाजताची? खाडीपलीकडच्या माणसाला फेरीबोट आणि त्यानंतरची एसटी दोन्ही गाठायच्या असतात. ती चुकली तर तो रात्री कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकतो. गावातल्याला तासभर मागे ठेवून त्याला पुढची वेळ देणं न्यायाचं आहे, आणि कारण मोठ्याने सांगितलं तर कुणी हरकत घेत नाही. ओली बाळंतीण, वयस्क आणि दिव्यांग यांना रांग नको. त्यांना बसवा आणि लिपिकाने कागद घ्यायला त्यांच्याकडे जावं.

दिवसाची क्षमता संपल्यावर येणाऱ्यालाही ‘उद्या या’ म्हणून रिकाम्या हाताने पाठवू नका. उद्याच्या पहिल्या अर्ध्या तासाचं टोकन द्या. टोकन नाव आणि फोन क्रमांक लिहूनच द्या. बिननावाची टोकनं पहाटे येऊन गोळा करणारे आणि विकणारे लोक लवकरच उभे राहतात.

रुग्णालयातच नोंद पुरी करा

रुग्णालयात झालेल्या जन्माची आणि मृत्यूची माहिती निबंधकाला देणं ही तिथल्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची जबाबदारी आहे, मुदत 21 दिवस. घरी झालेल्या घटनेची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात झालेल्या आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार नोंद झाल्यावर सात दिवसांच्या आत पहिला दाखला विनामूल्य द्यायचा आहे, आणि तो इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येतो. म्हणजे पहिल्या दाखल्यासाठी खिडकीवर कुणी यायलाच नको. तरीही लोक येतात, कारण रुग्णालयं महिनाभराचे नोंदीचे नमुने (माहितीचे अर्ज) एकत्र पाठवतात.

हे बदलायला पत्रव्यवहार पुरत नाही. तुमच्या हद्दीतल्या प्रत्येक प्रसूतिगृहात स्वतः जा आणि नमुना कोण भरतं ते पाहा. बहुधा रात्रपाळीची परिचारिका किंवा नोंदणी खिडकीवरचा मुलगा केसपेपरवरून उतरवून घेतो. त्यांच्याशी तीन गोष्टी ठरवा. माहिती आठवड्यातून दोनदा, ठरल्या वारी चढवायची. आई-वडिलांची नावं आधार कार्ड समोर ठेवून लिहायची. सही घेण्याआधी भरलेला नमुना आईला किंवा वडिलांना मोठ्याने वाचून दाखवायचा, मराठी नाव आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्ही, अक्षर अक्षर.

या वाचून दाखवण्याला दोन मिनिटं लागतात. सावंत ‘डब्ल्यू’ने की ‘व्ही’ने, आईचं नाव सासरचं की माहेरचं, वडिलांच्या नावापुढे ‘राव’ आहे की नाही, मुस्लिम कुटुंबात नाव आधी की आडनाव आधी, या सगळ्या गोष्टी तिथेच मिटतात. न मिटल्या तर त्या शाळाप्रवेशाच्या वेळी किंवा आखातात जायच्या पासपोर्टच्या वेळी डोकं वर काढतात. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळा, वाहन परवाना, मतदार यादी, पासपोर्ट, आधार अशा अनेक ठिकाणी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा झाला आहे. आज रुग्णालयात झालेली स्पेलिंगची चूक पूर्वीपेक्षा कितीतरी महाग पडणार आहे.

बाळाच्या नावाचंही तसंच. बारसं व्हायच्या आधी नोंद होते, म्हणून नावाचा रकाना रिकामा राहतो. त्यात गैर काही नाही. नोंद झाल्यापासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. अडचण अशी की घरच्यांना याची आठवण शाळेच्या प्रवेशाला होते आणि मे-जूनमध्ये सगळे एकदम येतात. उपाय लसीकरणाच्या दिवशी आहे. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला बाळ उपकेंद्रावर येतंच. आशाताईंच्या पिशवीत नाव घालण्याचे कोरे अर्ज द्या. चौदाव्या आठवड्याच्या लसीला नाव ठरलंय का विचारून अर्ज तिथेच भरून घ्यायचा आणि आरोग्यसेविकेने महिन्याच्या बैठकीला येताना गठ्ठा आणायचा. राहिलेल्यांना नवव्या महिन्याच्या लसीला गाठा. तेव्हाही विनाशुल्क मुदत बाकी असते.

मृत्यूच्या दाखल्याला आलेले लोक

दुःखातल्या माणसाला रांगेत उभं करणं आधीच वाईट, तीनदा उभं करणं अक्षम्य. अर्ज घेतानाच विचारा: प्रती किती लागतील? बँक, विमा, निवृत्तिवेतन, सातबाऱ्यावरची वारस नोंद, सामायिक घर, सोसायटीतली खोली, असं एकेक नाव घेऊन मोजायला लावा. कोकणात वारस पाच-सहा ठिकाणी विखुरलेले असतात, मुंबईच्या भावाला वेगळी प्रत हवी असते. एक प्रत घेऊन गेलेला माणूस महिन्याभरात पुन्हा येतो. दाखल्यावर क्यूआर कोड असेल तर कोणत्या कामाला त्याची छापील प्रत चालेल तेही सांगा.

दुसरा नेहमीचा हेलपाटा मृत्यूच्या कारणाचा. विम्याच्या कार्यालयातून ‘कारण लिहिलेला दाखला आणा’ म्हणून माणूस परत पाठवला जातो. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं जात नाही, कायद्यानेच त्याला मनाई आहे. कारणाचं प्रमाणपत्र उपचार करणारे डॉक्टर देतात आणि रुग्णालयाने त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते. हे एका कागदावर ठळक छापून मृत्यूच्या दाखल्याबरोबर हातात द्या.

उशिरा नोंद आणि दुरुस्ती

उशिरा नोंदीच्या तीन पायऱ्या मेजावर मोठ्या अक्षरांत लावा. 21 दिवसांनंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून निबंधकाकडेच. 30 दिवसांनंतर वर्षाच्या आत जिल्हा निबंधकाच्या किंवा त्यासाठी नेमलेल्या प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने. वर्ष उलटल्यावर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने. तिसऱ्या पायरीवरचा माणूस तुमच्याकडे आधी ‘नोंद आढळत नाही’ या दाखल्यासाठी येतो आणि आदेश घेऊन पुन्हा येतो. त्याला पहिल्याच दिवशी सगळा मार्ग कागदावर लिहून द्या: कुठे, कुणाकडे, कोणते पुरावे.

दुरुस्तीत लिपिकाला भीती वाटते म्हणून फाइल पडून राहते. नियम तसा स्पष्ट आहे. मूळ नोंद खोडायची नाही. समासात दुरुस्ती लिहून तारीख आणि सही करायची. उतरवताना झालेली चूक असेल तर निबंधकाने स्वतः पडताळायची. मजकुरातली चूक असेल तर माहितगार अशा दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन लागतं. आठवड्यातला एक अर्धा दिवस फक्त दुरुस्तीच्या फाइलींना ठेवा आणि त्या दिवशी निबंधकाने खिडकीमागे बसावं. दहा फाइली सलग घेतल्या की रोज एकेक घेण्यापेक्षा निम्म्या वेळात होतात.

जुनी दप्तरं

जुन्या नोंदीचा शोध रांगेत उभं ठेवून कधीच करू नका. शोधाचा अर्ज पेटीत टाकायचा, पोच घ्यायची, निकाल फोनवर. अर्जात साल ‘अंदाजे’ असेल तर मागे-पुढे दोन वर्षं पाहा. खूप जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये किंवा कोतवाल बुकात असतात आणि ती दप्तरं तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. काही मोडी लिपीत आहेत. कुणबी दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधणाऱ्यांना मेजावरूनच तिकडे पाठवा.

तुमच्याकडच्या वह्यांची सूची करा. साल, अनुक्रमांक, नाव, वडिलांचं नाव, गाव, पान एवढे सहा रकाने पुरतात. एका नोंदीला दोन मिनिटं धरली तर तासाला 30, रोज चार तास दिले तर 120. 12,000 नोंदींना शंभर दिवस. सुरुवात पहिल्या पानापासून करू नका. मोजणीच्या चिठ्ठ्यांतून कोणत्या सालांना मागणी आहे ते दिसतं, ती सालं आधी घ्या.

वह्या वाचवायच्याही आहेत. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूण आणि महाडमध्ये तळमजल्यावर ठेवलेल्या कागदांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. दप्तर वरच्या मजल्यावर न्या. कपाट भिंतीपासून वीतभर सुटं ठेवा, ओल भिंतीतूनच येते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका आणि पानांवर प्लॅस्टिक चढवू नका. भिजलेली वही उन्हात टाकायची नाही, पानं जबरदस्तीने सोडवायची नाहीत. सावलीत, पंख्याखाली उभी उघडून वाळू द्या.

वीज, नेट आणि सही

वादळी पावसात दोन्ही जातात. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 1,800 वॅट-तास असतात. घट आणि बॅटरीचं आयुष्य धरून त्यातले हजारेक वापरावेत. दोन संगणक, राउटर आणि दिवे मिळून 300 वॅट धरले तर तीन तास निघतात. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. तो तापताना एकदम जास्त वीज ओढतो आणि इन्व्हर्टर बंद पडतो. शाईच्या टाकीचा प्रिंटर वीस-पंचवीस वॅटवर चालतो. नेटसाठी फायबरबरोबर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेलं डोंगल ठेवा. दोन्ही एकाच कंपनीची असतील तर दोन्ही एकदम जातात.

नोंदणीचं संकेतस्थळ वीस मिनिटं उघडलं नाही तर वाट पाहत बसवू नका. अर्ज तपासून घ्या, पोच द्या, फोन क्रमांक लिहा, माणसाला सोडा. संध्याकाळी किंवा सकाळी लवकर एकत्र भरा.

वीज-नेटपेक्षा जास्त दिवस अडतात ते सहीवाचून. निबंधक बैठकीला गेले, ओटीपी त्यांच्या फोनवर गेला, सगळं थांबलं. मुख्य निबंधकांच्या पूर्वमंजुरीने उपनिबंधक नेमण्याची तरतूद कायद्यात आहे. तो प्रस्ताव आजच पाठवा. डिजिटल सहीच्या टोकनाची (संगणकाला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणाची) मुदत कधी संपते ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत महिनाभर आधी लाल शाईने लिहा.

ग्रामपंचायतीत अडचण वेगळी असते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकांकडे) दोन-तीन गावं असतात आणि लोकांना ते कधी भेटतील तेच माहीत नसतं. आठवड्याचे दोन ठरलेले अर्धे दिवस फलकावर लिहा आणि पाळा. इतर दिवशी संगणक परिचालकाने कागद तपासून पोच द्यावी.

गणपती, शिमगा, मे

चाकरमानी कधी येणार हे वर्षभर आधी ठाऊक असतं, तरी दरवर्षी गर्दी अंगावर येते. गणपतीच्या महिनाभर आधी गावमंडळांच्या मुंबईतल्या व्हॉट्सॲप गटांवर ‘गावी येताना हे कागद आणा’ अशी एका पानाची यादी पाठवा. अर्ज व कागदांचे फोटो आधीच मागवून तपासा. कमी काय ते मुंबईतच कळलं तर त्यांच्या रजेतला दिवस वाचतो. त्या आठवड्यात दुरुस्त्या आणि शोध बंद ठेवून असतील तेवढ्या खिडक्या हिरव्या-पिवळ्या कामाला लावा. कार्यालय सुट्टीनंतर ज्या दिवशी उघडतं त्या दिवशी कुणालाही रजा नको.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. हर्णै, दाभोळ, मालवणसारख्या बंदरांवर तेव्हा माणसं घरी असतात. नावं घालणं आणि दुरुस्तीचे अर्ज घेणं यासाठी कोळीवाड्यात एक दिवसाचं शिबिर तेव्हाच घ्या. भात लावणीच्या दिवसांत वरच्या गावांत मात्र शिबिर लावू नका, कुणी शेत सोडून येणार नाही.

दर शुक्रवारी तीन आकडे

पहिल्याच खेपेत काम झालेले किती टक्के, सगळ्यात जास्त थांबावं लागलेल्याला किती वेळ लागला आणि साडेअकराला रांगेत किती माणसं होती. हे तीन आकडे दाराजवळच्या फलकावर खडूने लिहा, सेवांची मुदत आणि शुल्क दाखवणाऱ्या लोकसेवा हक्काच्या फलकाशेजारी. पहिला आकडा वाढत नसेल तर रांग कमी दिसली तरी ती परत येणार असं समजा आणि त्या आठवड्याच्या ‘परत’च्या चिठ्ठ्या काढून सगळ्यात मोठं कारण शोधा. दोन महिन्यांनी कारणांचा क्रम बदललेला असतो. सुरुवातीला ‘दुसरं कार्यालय’ आणि ‘कागद कमी’ वर असतात, मेज नीट चाललं की ते खाली जातात आणि ‘सहीला अधिकारी नाहीत’ वर येतं. मग त्या कामाला लागा.